मी मोटारीचे ब्रेक बसवितो!

मोटार चालविणाऱ्या गृहस्थाला दोन आवाज सहसा ऐकू येत नाहीत. एक मोटारीचा आणि दुसरा शेजारी बसलेल्या पत्नीचा. गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता हे दोन्ही आवाज एकदमच निघाले आणि मी दोहोंकडेही सारख्याच निष्ठेने दुर्लक्ष केले.

"अहो, ब्रेक दाबला की चाकाजवळ काहीतरी किंचाळतंय," आमची सौ. म्हणाली.

"धूळ असेल," मी म्हणालो.

पुण्यात कशाचेही खापर धुळीवर फोडता येते आणि ते बहुधा खपूनही जाते. परंतु चार दिवसांनी मंडईजवळ मी गाडी थांबविली, तेव्हा त्या आवाजाने एका भाजीवालीने हातातला तराजू खाली ठेवून आमच्याकडे पाहिले. सौ. काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिले. तीस वर्षांच्या संसारानंतर त्या पाहण्याचा अर्थ मला सांगावा लागत नाही.

आमची गाडी १९९९ सालची मारुती ८०० आहे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत शेवटची तयार झाली. त्या तीस वर्षांत आपल्यासारख्या किती घरांनी ह्याच गाडीवर मोटार चालविण्याचे पहिले धडे घेतले असतील! आमच्या मुलीला शाळेत, परीक्षेला आणि शेवटी सासरी पोचविणारी हीच गाडी. तिची नोंदणी आम्ही रीतसर वाढवून घेत आलो. लोक "आता काढून टाका" म्हणतात आणि आम्ही "पाहू" म्हणतो.

दिवाळी तोंडावर आली होती. पेणला माझी धाकटी बहीण असते. भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. हा आमचा नेम मोडलेला नाही. त्या वर्षी तर जायलाच हवे होते, कारण श्रावणात तिचे यजमान गेले होते. फोनवर ती म्हणाली, "दादा, ह्या वर्षी घरात दिवाळी नाही. पण तू आणि वहिनी या." एवढे बोलून तिने फोन ठेवला होता. पेणला जायचे म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरायचा, आणि घाट उतरायचा म्हणजे ब्रेक हवेत.

आमच्या नेहमीच्या गॅरेजात गेलो, तर तेथे गाड्यांची रांग लागली होती. "दिवाळीनंतर या," असे सांगून तेथला मुलगा दुसऱ्या गाडीखाली गेला.

चाचांच्या तीन अटी

शेवटी मी नाना पेठेची वाट धरली. मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या तेथल्या एका दुकानात एक वृद्ध मिस्त्री बसलेले असतात. दुकान मुलाचे, बसण्याची जागा वडिलांची. सारी पेठ त्यांना चाचा म्हणते. माझ्या वडिलांच्या फियाटला त्यांचा हात लागलेला होता.

फियाटच्या चारही चाकांना ड्रम असत. ड्रमच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू, आणि शूवर ब्रेकचे अस्तर. अस्तर झिजले की वडील रविवारी सकाळी बनियन घालून चाके उघडीत, जुने शू पिशवीत घालून पेठेत नेत आणि त्यांवर नवे अस्तर रिव्हेटने ठोकून आणीत. माझे काम बॅटरी धरण्याचे. हात जरा हलला की चाकामागून "बॅटरी!" अशी गर्जना येई.

चाचांना मी सारी हकीकत सांगितली. त्यांनी पॅडचे एक खोके माझ्यापुढे ठेवले.

"साहेब, तुमचे वडील तर खुद करायचे. तुम्ही पण करा. ड्रमपेक्षा हे काम सोपं आहे."

"मला जमेल?"

"जमेल. पण माझ्या तीन अटी. पॅड दोन्ही बाजूंचे बदलायचे, एका बाजूचे नाही. चाक एका वेळी एकच उघडायचं. दुसरं बंद राहिलं पाहिजे, म्हणजे काही विसरलं तर तिकडे बघता येतं. आणि काम झालं की घाटात जायच्या आधी गाडी माझ्याकडे आणायची."

सौ. बरोबर होती. तिने पिशवीतून वाण्याच्या यादीची वही काढली आणि चाचा सांगतील ते लिहून घेऊ लागली. मी मान डोलावीत होतो. ह्या दोन कृतींमधला फरक मला पुढे कळावयाचा होता.

पहिले अस्तर ठोकले चांभाराने

घरी आल्यावर मी थोडे वाचन केले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत कार्ल बेंझ ह्यांची पत्नी बर्था पतीला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याची नवी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी घेऊन गेली. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजून निकामी होऊ लागले, तेव्हा ह्या बाईने एका चांभाराला गाठले आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराची कल्पना ही अशी, माहेरी निघालेल्या बाईच्या डोक्यातून आली. हे मी सौ.ला वाचून दाखविले. "नवऱ्यांना आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून बायकांना शोध लावावे लागतात," ती म्हणाली.

पॅडचे काम कसे चालते हे समजायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरते. आपण पेडल दाबतो, तेव्हा मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल दाबले जाते. द्रव दबत नाही. तो दाब जसाच्या तसा नळीतून चाकापर्यंत पोचवितो. तेथे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी असते, तीच डिस्क. तिच्यावर चिमट्यासारखा बसलेला कॅलिपर. कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतात. आमच्या गाडीत ही व्यवस्था पुढच्या चाकांना आहे, मागे ड्रमच.

गाडीचा वेग मात्र नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. चार माणसांसह आमची मारुती सुमारे ९०० किलो भरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी एकदा थांबविली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेत दोन मोठे कप पाणी उकळीला येईल. वेग निम्मा केला, तर ही उष्णता निम्मी नव्हे, पावपट होते. आणि खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. ह्या उताराची सारी शक्ती ब्रेकने खायची म्हटली, तर तेवढ्या उष्णतेत बादलीभर, म्हणजे चौदा लिटर पाणी उकळेल! त्यातला मोठा वाटा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाकडे द्यावा, असे जुने ड्रायव्हर सांगत आले ते ह्याचसाठी.

आणि ते किंचाळणे? पुष्कळशा पॅडना एक लहानशी पत्र्याची जीभ लावलेली असते. अस्तर पातळ झाले की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ज्याला मी धूळ म्हणत होतो, ती कारखान्याने मुद्दाम ठेवलेली धोक्याची घंटा होती.

प्रत्यक्ष काम

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी, सोसायटीच्या आवारात मी कामाला लागलो. आमची गाडी उभी राहते ती जागा किंचित उंचावर आहे. तेथून फाटकाकडे उतार आहे. म्हणून प्रथम हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पान्याने थोडे सैल केले. गाडी उचलल्यावर जोर लावला की चाक फिरते आणि गाडी जॅकवरून घसरण्याची भीती असते. मग जॅक लावला आणि गाडी उचलून तिच्याखाली लोखंडी घोडी दिली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, हे माझ्या वडिलांचे वाक्य. ते मी अक्षरशः पाळतो.

चाक निघाले. आत काळी भुकटी बसलेली होती. मी सवयीने फुंकर मारणार, तोच सौ.ने ओल्या फडक्याचा बोळा पुढे केला. पूर्वीच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. आताच्या अस्तरांची भुकटीही नाकात जाऊ देऊ नये. ओल्या फडक्याने पुसावी, फुंकू नये.

कॅलिपरचे बोल्ट घट्ट बसलेले होते. पाना लावून पाहिला, हलेना. लांब दांड्याचा पाना लावला तेव्हा "कट्" असा आवाज होऊन पहिला सुटला. क्षणभर वाटले बोल्टच तुटला! पण तुटला नव्हता. कॅलिपर वर उचलला. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो. ताण पडून नळी आतून दुखावते. म्हणून तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. सुटा झालेला प्रत्येक तुकडा सौ. स्टीलच्या ताटात क्रमाने मांडत होती आणि मोबाइलवर फोटोही काढून ठेवीत होती.

जुना पॅड हातात घेतला आणि माझे मलाच बरे वाटेना. नव्या पॅडवरचे अस्तर बोटाएवढे जाड. जुन्यावर जेमतेम दोन मिलिमीटर उरले होते. तीन मिलिमीटरच्या आत आले की बदलावे, असे म्हणतात. ह्या उरलेल्या दोन मिलिमीटरांवर मी सौ.ला, आणि कधी कधी लेकीच्या मुलालाही घेऊन फिरत होतो.

ह्यापुढची पायरी महत्त्वाची. पॅड झिजतो तसा पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्या मागची जागा भरायला ऑइल जाते. बॉनेटखालच्या बाटलीतली पातळी त्यामुळे खाली उतरते. नवा पॅड जाड असतो. तो आत बसायचा, तर पिस्टन परत मागे लोटावा लागतो. बाटलीचे झाकण उघडले, जुना पॅड पिस्टनवर ठेवला आणि सुतारी क्लॅम्पने हळूहळू आवळीत गेलो. पिस्टन मागे गेला, तसे बाटलीतले ऑइल वर चढले. तेथे सौ. लक्ष ठेवून होती. हे ऑइल सांडले तर गाडीचा रंग उडवते. थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावे. दुसरे असे की, ते हवेतली वाफ ओढून घेते. ज्या साध्या प्रतीचे ऑइल नवे असताना २०५ अंशांना उकळते, त्यात पाणी मुरले की ते १४० अंशांच्या सुमारासही उकळू शकते. घाटात असे झाले तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग पाय कितीही दाबा! म्हणून दर दोन वर्षांनी ऑइलही बदलून घ्यावे.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना पुसून त्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बेताने लावले. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला तेलाचा हातही लागू द्यायचा नाही. नवे पॅड बसले, बोल्ट आवळले, चाक लावले, नट समोरासमोरचे असे आडवे-तिडवे घट्ट केले. उजव्या चाकाला अडीच तास लागले. डाव्याला पाऊण तास. शेवटचा नट आवळताना माझ्या मनात वडिलांची आठवण आणि स्वतःचे कौतुक ह्यांचे मिश्रण झाले होते.

दीड हात

फाटकाजवळ, उताराच्या टोकाला, सोसायटीतली मुले दिवाळीचा किल्ला करीत होती. दगडमातीचे बुरूज झाले होते, महाराजांचे सिंहासन मांडले होते, उतारावर पेरलेली मोहरी हिरवी दिसू लागली होती. दुसऱ्या मजल्यावरचा आठ वर्षांचा मुलगा आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता आणि वाटीने मोहरीला पाणी घालीत होता.

मी जॅक काढला, दगड काढले आणि आत जाऊन बसलो. एक चक्कर मारून यावी, असा बेत. गाडी मागे घ्यायची होती आणि मागे उतारच होता. म्हणून गिअर काढला, हँडब्रेक सोडला आणि गाडी आपल्या वजनाने मागे जाऊ दिली.

ती जाऊ लागली. मी ब्रेक दाबला.

पेडल सरळ खाली गेले. पायाखाली काहीच नव्हते. कोणी जिन्याची शेवटची पायरी काढून घ्यावी, तसे झाले. आरशात त्या मुलाची पाठ दिसत होती आणि ती मोठी होत होती. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. मागचे ड्रम करकरले आणि गाडी थांबली.

उतरून मागे गेलो. बंपर आणि मुलगा ह्यांच्यामध्ये दीड हात अंतर होते. त्याने वळून पाहिले आणि हसून म्हणाला, "आजोबा, बुरूज थोडक्यात वाचला!"

मी त्याला काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. एवढे आठवते की, मी फाटकाच्या कठड्यावर बसलो आणि माझे हात गुडघ्यांवर ठेवूनही थांबत नव्हते. सौ. आली. रागावली नाही. तिने वही उघडली. मी काम करताना जे पान समोर ठेवले होते, त्यावर सहा कलमे होती. तिने पान उलटले. पाठीमागे तिच्याच अक्षरात लिहिले होते: "७. गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहणे."

पिस्टन मी मागे लोटला होता. पॅड आणि डिस्क ह्यांच्यामध्ये फट राहिली होती. ती फट भरून निघेपर्यंत पेडल पुन्हा पुन्हा दाबावे लागते. पहिल्या दाबात पिस्टन फक्त पुढे सरकतो, चाक धरीत नाही. हे मला ठाऊक नव्हते असे नव्हे. द्रव दबत नाही, हे आदल्याच दिवशी मी सौ.ला मोठ्या ऐटीने समजावून सांगितले होते.

मुलांना दूर केले, चाकांना पुन्हा दगड लावले आणि पेडल दाबू लागलो. सहाव्या दाबाला ते दगडासारखे झाले. बाटलीतली पातळी पाहिली. मग गाडी होती तिथेच ठेवली. त्या दिवशी मी चक्कर मारली नाही.

फडके

दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, अगदी सावकाश नाना पेठेत गेलो. चाचांनी दोन्ही चाके उघडून पाहिली. बोल्टांवर पाना लावला, नळी चाचपली, पेडल हाताने दाबून पाहिले. "काम ठीक आहे," ते म्हणाले. मला ते ऐकून घेववेना. मी त्यांना किल्ल्याची गोष्ट सांगितली.

ते जरा वेळ गप्प राहिले.

"साहेब, मी पण एकदा विसरलो होतो," ते म्हणाले. "भिंत पुढे होती म्हणून बरं. तेव्हापासून ब्रेकचं काम सुरू केलं की स्टिअरिंगला फडकं बांधतो. पेडल कडक होत नाही तोपर्यंत सोडत नाही. पोरांना पण तेच शिकवलं. डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही; फडक्यावर ठेवायचा."

वाचकहो, ब्रेकचे पॅड घरी बदलावे की नाही, असे तुम्ही मला विचाराल, तर मी अजूनही "बदलावे" असेच सांगेन. आपली गाडी कशावर थांबते हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस तिचा आवाज पुन्हा धुळीवर ढकलीत नाही. परंतु स्वतः करणे म्हणजे एकट्याने करणे नव्हे. एकाने करावे, दुसऱ्याने यादी वाचावी, आणि रस्त्यावर जाण्यापूर्वी जाणत्याने पाहावे. ज्याला असा जाणता मिळणार नाही, त्याने दिवाळीनंतर गॅरेजात जावे. घाट कुठे पळून जात नाही.

नव्या पॅडना डिस्कशी जमवून घ्यायला वेळ लागतो. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर मी मध्यम वेगातून वीस-पंचवीस वेळा हलकेच ब्रेक दाबला, मध्ये मध्ये ते निवू दिले. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक दाबायचा नाही, हेही सौ.ने वहीत लिहिले आणि ह्या वेळी मला वाचून दाखविले. चाकांचे नट पुन्हा एकदा तपासले. पॅडचे रिकामे खोके त्या मुलाने मागून नेले. किल्ल्यावर त्याची पागा झाली.

भाऊबीजेला घाट उतरलो तो दुसऱ्या गिअरमध्ये. मागचे लोक भोंगे वाजवीत होते, वाजवू दिले. शिंग्रोबाच्या देवळापाशी जरा थांबलो, चाकांजवळ हात नेऊन ऊब पाहिली आणि पुढे निघालो. सौ. सबंध घाटभर बोलली नाही आणि मीही बोललो नाही. दोघेही ऐकत होतो. चाकांतून कसलाही आवाज येत नव्हता.

पेणला पोचायला दुपार झाली. बहीण दारातच उभी होती. घरात आकाशकंदील नव्हता, फराळाचा वास नव्हता. पण कोपऱ्यात पाट मांडलेला होता आणि ताम्हनात निरांजन तयार होते.

"इतका उशीर, दादा? मला काळजी लागली होती. गाडी ठीक आहे ना रे?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

सौ.ने पिशवी खाली ठेवली. तिच्या तोंडाशी तिच्याच जुन्या साडीचे, ऑइलचे डाग पडलेले एक फडके घडी घालून ठेवलेले होते.

"आता ठीक आहे," ती म्हणाली.